उशाशी कापूस

सावरगावच्या चंद्रभानाचा खोकला अकोटापर्यंत ऐकू येतो, असं लोक म्हणत. ही अतिशयोक्ती होती. वेशीपर्यंत मात्र तो खरंच ऐकू येई. गावातल्या बायका त्या खोकल्यावर उठून दळायला बसत. कोंबडा एखादे वेळी चुके, चंद्रभान चुकत नसे.

त्याच्या बायकोला, मैनाबाईला, यातलं हसू येत नसे. खोकून खोकून नवरा भिंतीला हात टेकून उभा राही, छातीचा भाता चाले, ओठ काळेनिळे पडत, आणि ती पाण्याचा गडवा घेऊन समोर नुसती उभी राही. दोन वर्षांमागं भरलं पोतं एकट्यानं गाडीत टाकणारा हा माणूस आता विहिरीपर्यंत जाताना वाटेत दोनदा बसत होता. हा माणूस आपल्यादेखत जाणार, ही भीती तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. सकाळी कुंकू लावण्याआधी मात्र ती त्याचा श्वास ऐकून घेई.

एरवी काळ मोठा मौजेचा होता. साता समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लोक आपसांत लढत होते, त्यांचा कापूस अडला होता, आणि म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. कोण कुणाशी का लढतंय हे सावरगावात कुणाला ठाऊक नव्हतं. लढाई लवकर मिटू नये, एवढी प्रार्थना मात्र मारुतीच्या पारावर रोज होई. ज्यांच्या बैलांना कालपर्यंत धड वेसण नव्हती, त्यांनी शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या.

चंद्रभानानंही पहिल्या वर्षी बरा भाव घेतला होता. तो खुशीत होता. ती खुशी एका लग्नाच्या पंगतीपर्यंत टिकली. पंगतीत शेजारी त्याचा साडू बसला होता, अकोटचा रामराव, मैनाबाईच्या धाकट्या बहिणीचा, रुख्मिणीचा नवरा. रामरावानं मिशीला तूप लावत आपला भाव सांगितला. तो चंद्रभानाच्या भावापेक्षा इतका जास्त होता की वाढपी सुद्धा वाढायचा थांबला. चंद्रभानानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "साडभाऊपेक्षा एक रुपया जास्त भेटल्याबिगर आता माह्या घरातलं एक बोंड बाहीर जानार नाई!"

त्यानंतर भाव चढत गेला, पण रामरावाच्या त्या भावाला काही शिवेना. कापूस घरात येत गेला आणि बाहेर जाईना. आधी कोठी भरली. मग माजघर भरलं. मग जिथं घरातल्या बाळंतिणी पिढ्यान्‌पिढ्या निजल्या, ती आतली खोली आढ्यापर्यंत भरली आणि तिची एकुलती खिडकी कापसाखाली बुजून गेली. मैनाबाई स्वयंपाकघरात झोपू लागली. चंद्रभानानं आपलं अंथरूण त्या आतल्या खोलीतच, ढिगाच्या पायथ्याशी घातलं. "सोनं हाय हे," तो म्हणे. "सोन्याजवय धनी नको?"

धन्याला तिसऱ्या महिन्यात खोकला लागला.

औषधाला तोटा नव्हता. ज्याच्या घरात कापूस त्याच्या दारात वैद्य, अशी त्या वर्षी रीतच पडली होती. अकोटहून भगवंत वैद्य आले. त्यांनी नाडी धरून बराच वेळ डोळे मिटले, मग डोळे उघडून खोलीतल्या ढिगाकडे आदरानं पाहिलं आणि सांगितलं, "रोगाचे मूळ तुपात आहे. पैका आल्यापासून आपण तूप फार खाता." त्यांनी तूप तोडलं आणि कडू पुड्या दिल्या. दक्षिणेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले की रोकड काय, आज आहे उद्या नाही, कापूसच द्यावा. त्यांनी आपली गाडी खिडकीपाशी लावली आणि चार मोठी बोचकी भरून नेली.

आठवडाभर चंद्रभान लहान लेकरासारखा झोपला. वैद्यांची कीर्ती पंचक्रोशीत झाली. नवव्या दिवशी नव्या हंगामाची वेचणी घरात येऊन पडली, खिडकीजवळची खळगी भरली आणि खोकला परत आला. वैद्यांना बोलावणं गेलं. "तूप खाल्लं असणार," ते म्हणाले. चंद्रभानानं पोळीला बोटभर लावलं होतं, म्हणून त्यानं आणखी पुड्या मागून घेतल्या.

मग जानराव भगत आला. हा अंगात आणून मूळ सांगायचा. घुमून झाल्यावर त्यानं सांगितलं की चुलत घराण्यातला एक पूर्वज उंबऱ्याखाली तहानलेला बसला आहे आणि तो तिथून धन्याचा गळा धरतो. पूर्वजाला पाणी पाहिजे होतं आणि देवीला गाडीभर कापूस. कापूस आतल्याच खोलीतला पाहिजे, कारण देवीला तो जवळ पडत होता. उंबरा खणला, खाली एक मोडका विळा निघाला, आणि जानराव म्हणाला, "पाहा!" सगळ्यांनी विळा पाहिला. रिकाम्या झालेल्या अर्ध्या खोलीकडे आणि उघड्या पडलेल्या खिडकीकडे कुणी पाहिलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

यावेळी आराम वीस दिवस टिकला. मग शेवटची वेचणी आली, खोली पुन्हा आढ्याला भिडली, आणि चंद्रभानाला नुसता खोकला नाही, धाप लागली. जानराव म्हणाला, "पूर्वज दुसरा हाय."

माघ महिन्यात लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. तिला घेऊन मैनाबाई आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि दोघी तिथंच थांबल्या. धन्याच्या अंथरुणापलीकडे आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"अवो," मैनाबाई नवऱ्याला म्हणाली, "पोरीनं बाळंत कुठं व्हावं?"

"गोठ्याशेजारची पडवी सारवून घे." चंद्रभान दाराबाहेर बाजेवर बसून छाती चोळत होता. "महिन्याभराची तर गोठ हाय. भाव येऊन राह्यला."

"भाव येईल तवा येईल. पोट्टं त्याच्यासाठी थांबनार हाय काय?"

चंद्रभानाला उबळ आली. आणि तेवढ्यात, दाराशी उभ्या कौसल्यालाही एक लहानशी, कोरडी उबळ आली. तिनं पोटावर हात धरला.  मैनाबाईला राग आला, अंगाची आग होईल इतका राग आला, पण तो नेमका कुणावर काढावा हे तिला कळेना. तुपावर काढावा, की पूर्वजावर?

दुसऱ्या दिवशी हलीमाबी आली. ही गावातल्या जहीर पिंजाऱ्याची विधवा. नवऱ्यामागं कापूस पिंजायची त्याची धुनकी तीच चालवायची आणि गाद्या-दुलया भरायची. बाळंतिणीच्या गादीचा कापूस न्यायला मैनाबाईनंच तिला बोलावलं होतं. हलीमाबी आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली, थांबली, पदराचं टोक नाकातोंडावर आवळून बांधलं आणि मगच आत गेली. बोचकं बांधून बाहेर आली, अंगण ओलांडून पार कुंपणाजवळ गेली आणि तिथं पदर सोडून झटकला.

"हे काहून?" मैनाबाईनं विचारलं.

"काहून म्हंजे? अंदर सास घ्यायची असती काय, बाई?" हलीमाबी म्हणाली. तिची नजर बाजेवर धापा टाकणाऱ्या चंद्रभानाकडे गेली. मग त्याच्यामागच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या अंथरुणाकडे. "धनी अंदर झोपतेत?"

"झोपतेत."

"या अल्ला! माहा जहीर असाच गेला. तीस साल धुनकी चालवली, तोंड बांधा म्हनलं त बांधलं नाई. रुईची, या कापसाची, बारीक धूळ छातीत बसते, दिसत नाई. यांची बाज उचला न् झाडाखाली टाका. पोरीले त त्या दारातही उभी करू नका. दवा-बिवा काई लागत नाई."

चंद्रभान हसला, आणि हसता हसता खोकला. "घेनार काय तू याचे?"

"काई नाई, भाऊ. सांगायचे काय पैसे?"

"पाहा!" चंद्रभान बायकोला म्हणाला. "वैद्यानं चार बोचकी नेली, भगतानं गाडी नेली, त्याहीले नाई समजलं. न् हे फुकटात सांगून राह्यली! सोन्याच्या धुयीनं कोनी मरते काय?"

हलीमाबी गादीचं बोचकं डोक्यावर घेऊन निघून गेली. मैनाबाई तशीच अंगणात उभी राहिली. वैद्याची गाडी खिडकीपाशी लागली होती. आठ दिवस झोप. भगतानं अर्धी खोली रिकामी केली. वीस दिवस झोप. प्रत्येक वेळी कापूस गेला की खोकला गेला, आणि कापूस आला की खोकला आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतके दिवस आपण पाण्याचा गडवा धरून काय पाहत होतो, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली.

आता चंद्रभानात एक गुण होता. वावरातला कुंदा काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. काळ्या जमिनीतलं हे गवत वरून कापलं तर दुप्पट फुटतं. त्याची मुळं खाली पुरुषभर जातात. इतर लोक कंटाळून वरवर खुरपत. चंद्रभान लोखंडी खोदणी घेऊन कमरेएवढा खड्डा करी आणि शेवटची गाठ हातात आल्याशिवाय वर येत नसे.

"कुंदा कसा काढता तुमी?" मैनाबाईनं त्याला जेवताना विचारलं.

"शेवटच्या गाठीपावतर. एक गाठ राह्यली त गेलं वावर."

"मंग खोकल्याचं मूय तसं काहून नाई पाहात?"

"खोकला काय वावरात उगवते?" तो म्हणाला, आणि ताक मागितलं.

त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. तेव्हा तिनं स्वतःच खणायला घेतलं. खोकल्याखाली धूळ होती. धुळीखाली कापूस होता. कापसाखाली पंगतीतली शपथ होती आणि शपथेखाली रामरावाचा भाव. तिथवर ती घरबसल्या पोचली. त्याच्याखाली काय आहे, हे बघायला तिनं अकोटला निरोप धाडला: कौसल्याचं डोहाळजेवण आहे, रुख्मिणीनं दोन दिवस आधी हाताखाली यावं.

रुख्मिणी आली. दोघी बहिणी पुरण वाटायला बसल्या तेव्हा मैनाबाईनं सहज विचारावं तसं विचारलं, "रुखमे, भाऊजीले त्या वर्षी येवढा भाव देला तरी कोनं व?"

रुख्मिणीचा वरवंटा थांबला. तिनं दाराकडे पाहिलं. "कोनं देनार, बाई? तो भाव त्याहीच्या तोंडातला हाय, बाजारातला नाई."

"म्हंजे?"

"अवं, तुमच्याहून दोन रुपये कमीच भेटले व्हते. पंगतीत लोक पाहात व्हते, त निंगालं तोंडातून. आता दोन वर्सं झाले, माघारी कसं घेतील? नाक जाते न त्याहीचं."

 मैनाबाईच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचे काळेनिळे ओठ आले आणि लेकीचा पोटावरचा हात आला. दोन माणसांचा श्वास एका पुरुषाच्या नाकासाठी अडला होता. तिनं पुरण असं वाटलं की त्यात एक कण राहिला नाही.

हे आपण नवऱ्याला सांगितलं तर तो "बायकांची गोठ" म्हणून उडवून लावील, हे उघड होतं. तेव्हा डोहाळजेवणाच्या दिवशी तिनं कौसल्याला आणि बायकांना बाहेर मांडवात बसवलं आणि दोघा साडवांसाठी मानाचे पाट मांडले ते आतल्या खोलीत, ढिगाच्या पायथ्याशी.

"इथं?" रामराव म्हणाला. त्यानं नवा रेशमी रुमाल बांधला होता.

"मानाच्या मानसाले सोन्याजवय बसवाव," मैनाबाई म्हणाली. चंद्रभानाला ही कल्पना फार आवडली. साडवानं ढीग पाहावा, हीच त्याची इच्छा होती.

पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि मग तिनं गड्यांना हाक मारली. "वरची बोचकी खिडकीकडून इकडं घ्या रे, जेवनाऱ्याहीले उजेड नाई." गडी ढिगावर चढले. वरून बारीक पांढरी धूळ उतरू लागली. पहिल्या घासाला रामराव शिंकला. तिसऱ्या घासाला तो खोकला. पाचव्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारी चंद्रभान सवयीच्या माणसाच्या सफाईनं खोकत होता, त्याला साथ मिळाल्यासारखी झाली.

"बाई, दार... दार सोडा," रामराव पाटावरून उठला.

मैनाबाई दारात उभी होती. हातात तुपाचं भांडं होतं. "सोडीन. त्या वर्षीचा खरा भाव सांगा."

"कोनता... खरा?"

"रुखमीनं सांगितला तो. माह्या धन्याच्या तोंडावर सांगा. तोवर आनखी येक पोयी घ्या."

रामरावानं बायकोच्या नावानं कपाळाला हात लावला, ढिगाकडे पाहिलं, वर चाललेल्या गड्यांकडे पाहिलं, आणखी एकदा खोकला, आणि त्याचं नाक हरलं. "दोन रुपये कमी!" तो ओरडला. "चंद्रभानभाऊपेक्षा दोन रुपये कमी भेटले व्हते! आता त सोडा!"

खोलीत क्षणभर नुसती धूळ हलत होती. चंद्रभान आ वासून साडवाकडे बघत राहिला. दोन वर्षं तो ज्याच्यामागं धावत होता, त्याला त्यानं धावायच्या आधीच मागं टाकलं होतं. तो हसायला लागला. मग खोकायला लागला, इतका की गड्यांनी त्याला उचलून अंगणात आणलं आणि लिंबाखाली बाजेवर टाकलं. श्वास परत यायला घटकाभर लागली. आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "गाड्या जुपा."

फाल्गुनात सतरा गाड्या अमरावतीच्या बाजाराला गेल्या. घर रिकामं झालं, झाडून निघालं, शेणानं सारवलं गेलं, खिडकी उघडली. चंद्रभान पंधरा दिवसांत पोतं उचलू लागला. चैत्रात कौसल्या आपल्या माहेरच्या खोलीत बाळंत झाली. मुलगा झाला.

आणि वैशाखात तार आली की लढाई मिटली. भाव असा कोसळला की लोक बाजारातून भरल्या गाड्या परत आणू लागले. चांदीच्या शेंब्या निघाल्या. अकोटला रामरावाचा सगळा कापूस घरातच राहिला. सावरगावच्या पारावर मात्र एकच चर्चा: चंद्रभानाला आधी कसं कळलं? साऱ्या मुलखात नेमका त्यानंच कसा विकला?

चंद्रभान खरं तेच सांगे. "खोकला झाला व्हता," तो म्हणे. लोक एकमेकांकडे पाहत आणि माना डोलवत. तूप सोडल्यानं तो बरा झाला, असं भगवंत वैद्य सांगत फिरले. जानराव विळा दाखवी. हलीमाबीचं नाव कुणी घेतलं नाही. तिनं फुकट सांगितलं होतं, ते कुणाच्या ध्यानात राहणार? मैनाबाईनं तेवढं तिला घरी बोलावून लुगडं-चोळी दिली आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली की माझं कुंकू या बाईनं राखलं. हलीमाबी लाजली आणि गादीचा टाका सैल झालाय का, ते बघत बसली.

मग कौसल्या मूल घेऊन सासरी गेली, पाऊसकाळ सरला, आणि लोकांचं विचारणं मैनाबाईच्या हळूहळू लक्षात आलं. "चंद्रभानभाऊ, खोकला कसा हाय?" असं जो तो विचारी. आधी तिला वाटलं, किती मायेची माणसं. पण "बरा हाय" म्हटलं की त्यांचे चेहरे पडत. एकदा मिरचीच्या फोडणीनं चंद्रभानाला ठसका लागला, तर भाव पडायची खूण समजून शेजारच्या आळीतून दोन गाड्या बाजाराला निघाल्या. चंद्रभान आधी हसला. मग तो घसा खाकरूनच पारावर बसू लागला. मग उत्तर देण्याआधी थोडा थांबू लागला. पारावर आता त्याला दगडाची सावलीतली जागा मिळे.

दिवाळीला कौसल्या मुलाला घेऊन आली. मूल रांगायला लागलं होतं. पहिल्या वेचणीची सीतादही, म्हणजे दहीभात वाहून वावराची पूजा, झाली, त्याच दिवशी ओसरीवर दहा-बारा माणसं जमली. पुढं भगवंत वैद्य होते आणि जानराव होता. दोघांच्या गड्यांच्या डोक्यावर बोचकी होती. मैनाबाईनं ती ओळखली. तिनंच बांधली होती. दक्षिणेचा आणि देवीचा कापूस दोघांनी भावाच्या आशेनं ठेवून दिला होता, आणि तो त्यांच्याच घरात कुजत होता.

"चंद्रभानराव," वैद्य म्हणाले, "हे आपलंच आहे. उशाशी ठेवावं. खोकला आला की कळवावं. बाकी आम्ही समजून घेऊ."

चंद्रभान लोकांकडे पाहत राहिला. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. पंगतीत रामरावाकडे पाहिलं होतं, तसंच. त्यानं छाती पुढं काढली, घसा खाकरला आणि म्हणाला, "ठेवा तिकडं. पाहू."

तेव्हा मैनाबाईला कळलं की शेवटची गाठ खालीच राहिली होती. तिनं रामरावाच्या भावापर्यंत खणलं आणि काम झालं असं समजली. लोकांच्या नजरेचं हे वेड त्याच्याही खाली होतं. ती दाराआड गेली आणि खुंटीवरची लोखंडी खोदणी हातात घेऊन आली. तिचं ती काय करणार होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यापुढे आपटणार असेल कदाचित.

तोवर नातू रांगत बोचक्यापर्यंत पोचला होता. त्यानं गाठीतून डोकावणारा कापूस मूठभर ओढला आणि तोंडात घातला. जुन्या कापसाचा धुरळा उडाला. पोराला ठसका लागला. एक, दोन, तीन. चेहरा लाल झाला, श्वास अडकला, आवाज बंद झाला.

ओसरीवरची सगळी माणसं पुढं झुकली.

"तेजी म्हनाव की मंदी?" जानरावानं हलक्या आवाजात विचारलं.

"कोरडा आहे," वैद्य म्हणाले. "कोरडा म्हणजे बहुधा तेजी."

चंद्रभानानं त्यांच्याकडे पाहिलं. मग झडप घालून पोराला उचललं, बोट घालून तोंडातला बोळा काढला आणि त्याला पालथं धरून पाठ थोपटली. पोरानं श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.  चंद्रभान ओसरीवर मटकन बसला आणि पोराला छातीशी धरून सगळ्यांदेखत रडला. मोठा माणूस रडतो तसा नाही, पोरासारखाच.  रडून झाल्यावर त्यानं पोर कौसल्याच्या हाती दिलं, एक बोचकं उचलून अंगणापलीकडे रस्त्यात फेकलं आणि पाठोपाठ दुसरं फेकलं.

"जा घरी," तो म्हणाला. "मले काई समजत नाई. तवाही समजलं नव्हतं."

माणसं कुरकुरत गेली. त्या वर्षी सावरगावात भाव कुणालाच आधी कळला नाही, आणि पारावरची सावलीतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मैनाबाईनं खोदणी परत खुंटीला टांगली आणि पोरासाठी पाणी आणायला आत गेली.